घेतलेल्याचा रकाना

दुपारचे साडेबारा वाजले की मोनाली येडगे नॉर्वेतल्या एका म्हातारीचे केस विंचरायला घ्यायची. म्हातारीचं नाव इंगेर. ती आपल्या घरात खिडकीपाशी बसलेली असायची आणि तिकडे तेव्हा सकाळचे आठ वाजलेले असायचे. मोनाली बसायची पाटणच्या डोंगरातल्या तळीमाळ गावात, सोसायटीच्या जुन्या गोदामात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. गोदामात अशा अकरा खुर्च्या होत्या आणि अकराही जणी गावातल्याच होत्या.

मोनालीच्या हातांत कोपरापर्यंत येणारे करडे मोजे असत. ती बोट हलवायची तसं इंगेर आजीमागे उभ्या असलेल्या यंत्राचं रबरी बोट हलायचं. कंगवा गुंत्यात अडकला की मोज्याच्या आत तिच्या बोटांना ओढ जाणवायची. गावात मोज्यांना पंजे म्हणत आणि गोदामाला पंजाघर.

बघायला हे सोपं वाटे, पण सोपं नव्हतं. काचेच्या तारेतून उजेड सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो. तळीमाळहून निघालेली तार समुद्राखालून वळसे घेत तिकडे पोचेपर्यंत दहा हजार किलोमीटर भरते. जाण्यायेण्याला मिळून सेकंदाचा दहावा भाग लागतो. तेवढ्या वेळात कंगवा म्हातारीच्या कानाला लागू शकतो. म्हणून तिकडचं यंत्र आधी मोनालीचे हात शिकलं. ती पुढे काय करणार याचा ते तेवढ्याच वेळाचा अंदाज बांधी, आणि अंदाज चुकला तर हात जागच्या जागी थांबवी. हे साधलं, आणि थंड देशांतल्या एकट्या म्हाताऱ्यांची सेवा अशा डोंगरातल्या बायकांच्या हाती आली.

मग प्रश्न आला कायद्याचा आणि पगाराचा. माणूस एका देशात, हात दुसऱ्या देशात. मग काम झालं कुठे? देशादेशांत सात वर्षं खल चालला. शेवटी जो करार झाला, तो पंजाघराच्या भिंतीवर एका ओळीत रंगवलेला होता: हात जिथे, तिथला कायदा, देह जिथे, तिथला खर्च.

कायद्याची बाजू चांगलीच होती. दर दीड तासाने पंजे आपोआप ढिले पडत आणि वीस मिनिटं चालू होत नसत, कारण नॉर्वेत तसा नियम होता. बायका ओसरीवर येऊन शेंगा खात बसत. मोनालीच्या सासू आक्काताई हे बघून म्हणायच्या, "भात लावताना आमाला असा कायदा असता, तर आज माजी कंबार तुज्यासारखी ताठ असती."

अडचण खर्चाच्या बाजूला होती. करार करणाऱ्यांची नियत वाईट नव्हती. एका तासाच्या मजुरीत कुठल्याही गावच्या माणसाला सारखंच जगता यावं, असा त्यांचा विचार. त्यासाठी जगायला कुठे किती लागतं हे मोजायला हवं. ते काम एका गणकयंत्राकडे दिलं होतं. ते दुकानांतली खरेदी, घरभाडी, विजेची बिलं, दवाखाने, गाडीभाडी अशा दोनशे गोष्टींची देवाणघेवाण बघे आणि प्रत्येक गावाला एक आकडा देई. पगार त्या आकड्याच्या प्रमाणात मिळे. पुणे शंभर धरलं होतं. कराड एकाहत्तर. तळीमाळ एकेचाळीस.

पुण्यात खुर्ची टाकून इंगेर आजीचेच केस विंचरले असते, तर मोनालीला अडीचपट पगार मिळाला असता.

"तेच म्हणतोय मी," रणजित फोनवर म्हणाला. रणजित तिचा नवरा. नऊ वर्षं तो भोसरीत ट्रकांची बॅटरी बदलायच्या अड्ड्यावर कामाला होता आणि चौघांत एक खोली घेऊन राहत होता. मुलगी ईश्वरी दहा वर्षांची झाली होती आणि बापाला ती महिन्यातून दोन रविवार ओळखत होती. "तू पंजे घेऊन इकडं ये. ईश्वरीला इथल्या शाळेत घालू. आईला पण आण."

"आत्या येणार नाहीत. त्यांना विचारून बघा तुम्ही."

"विचारलं. म्हणली, पुण्यात मेले तर खांदा द्यायला चार माणसं भाड्यानं आणायची का."

"मग?"

"मग आकडा वाढव तुमचा," रणजित हसत म्हणाला. "पंचावन्न झाला तरी मी उद्या ट्रंक भरतो."

तो थट्टेत बोलला, पण हिशोब दोघांनी कधीच करून ठेवला होता. आकडा पंचावन्न झाला तर घर एकट्या मोनालीच्या पगारात चालत होतं आणि रणजितला गावी परतता येत होतं. त्याखाली राहिला तर मोनालीला पुण्याला जावं लागणार होतं, आणि बहात्तर वर्षांच्या आक्काताई एकट्या मागे राहणार होत्या. आकडा पाच वर्षांनी एकदा ठरे. या वर्षीची हरकत घ्यायला एकवीस दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांच्या सुट्टीत मोनालीने आकडे ठरवणाऱ्या तुलना कक्षाला फोन लावला. तिकडून गणकयंत्रच बोले, बाईच्या आवाजात आणि शुद्ध मराठीत. गावात तिला तुलनाबाई म्हणत.

"तळीमाळमध्ये भाजीचा खर्च जवळजवळ दिसत नाही," तुलनाबाई म्हणाली. "दुधाचा नाही. अंड्यांचा नाही. मुलं सांभाळण्याचा नाही. आजाऱ्याची शुश्रूषा, शून्य."

"मग आम्ही खातो काय, असं वाटतं तुम्हाला?"

"मला खाणं दिसत नाही, मोनालीताई. मला खरेदी दिसते."

"आमच्याकडे वानवळा असतो."

"हा शब्द माझ्याकडे आहे. पण त्याखाली काहीच नोंद नाही. समजावून सांगाल का?"

मोनालीने सांगितलं. शेतात नवं काही आलं, गाय व्याली, वेलावर भोपळा धरला, की त्यातलं शेजारीपाजारी पाठवायचं, त्याला वानवळा म्हणतात. तो विकायचा नसतो, मागायचाही नसतो. फेडायचा असतो, पण फेडला असं तोंडाने म्हणायचं नसतं.

"म्हणजे तुमच्या गरजा भागतात, पण माझ्या नजरेआड. करारात त्यासाठी एक पत्रक आहे. प्रत्येक घराने दोन रकाने भरायचे. वर्षात काय दिलं आणि काय घेतलं. देणारा दिलं म्हणाला आणि घेणारा घेतलं म्हणाला, तर नोंद जुळली असं मी धरते. जे जुळेल, ते विकत घ्यायला किती लागलं असतं तेवढा आकडा वाढेल."

हे तर सोपं होतं. गावात त्रेचाळीस घरं. पंजाघरातल्या अकरा जणींनी घरं वाटून घेतली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी फोनपुढे बसून बोलून सांगितलं. बायकांना मजाच वाटली. कोणाला किती शेंगा दिल्या, कोणाच्या बाळंतिणीला किती अळीव पोचवला, सगळं धाडधाड आठवलं. आठ दिवसांत त्रेचाळीस पत्रकं गेली.

नवव्या दिवशी उत्तर आलं. आकडा बेचाळीस.

"एकानं वाढला?" मोनालीला खरं वाटेना.

"तळीमाळने वर्षात आठ हजार सहाशे किलो धान्य, भाजी, दूध आणि फळं दिली," तुलनाबाई म्हणाली. "आणि एकशे नव्वद किलो घेतली. ते एकशे नव्वद एकाच घराने लिहिले आहेत."

ते घर ग्रामसेवकाचं होतं. त्याची बायको लातूरहून नवीन आलेली. गावची रीत तिला ठाऊक नव्हती, म्हणून तिने खरं लिहिलं होतं.

"बाकीचे आठ हजार चारशे दहा किलो कोणी घेतले ते कळत नाही."

"गावानंच घेतले की."

"गाव हे घर नाही. मला घराचं नाव लागतं."

मोनाली दारोदार फिरली. सुमन कोळेकरच्या घरी ती म्हणाली, "वहिनी, तुमच्याकडं तर माझ्यादेखत तिघींकडनं नाचणी आली."

"आली आसंल. म्हनून काय लिवायचं?" सुमन म्हणाली. "सरकारात नाव जानार. कोळेकरांची सून लोकांचं खाऊन जगती म्हनून."

"अहो पण तुम्हीही दिलंत ना?"

"ते लिवलंय की मी. दिल्यालं सगळं लिवलंय."

सगळीकडे हेच. दिलेलं सांगायला कोणी लाजत नव्हतं. घेतलं म्हणायची मात्र कोणाची जीभ उचलत नव्हती.

सगळ्यांत ठळक कोरा रकाना मोनालीच्या स्वतःच्या घरचा होता. आक्काताईंनी दिलेल्याच्या बाजूला एकसष्ट ओळी सांगितल्या होत्या आणि घेतलेल्याच्या बाजूला एकही नाही.

"आत्या, परवा शेवग्याच्या शेंगा आल्या त्या कुठून?" सकाळी चहा गाळताना मोनालीने विचारलं.

"त्यो वानवळा हाय."

"मग तो आला ना बाहेरून?"

"वानवळा येतो व्हय कुटं? त्यो असतोच." आक्काताईंनी बशी तोंडाला लावली. "तुजा सासरा तीन वरसं हातरुनावर व्हता. पर धोंडिबा येडग्याच्या घरात कुनाचं काय घेतलं, आसं म्हननारा आजून जलमायचाय."

मोनालीने कप खाली ठेवला. "बरं. मग मी पुढच्या महिन्यात ईश्वरीला घेऊन पुण्याला जाते. यांना नऊ वर्षं झाली तिकडं. रागावून नाही म्हणत आत्या. दुसरा रस्ता उरला नाही म्हणून म्हणते."

आक्काताईंनी अर्धा चहा तसाच टाकला.

हरकतीचे सहा दिवस उरले होते. दुपारची सुट्टी झाली आणि बायका पंजाघराच्या ओसरीवर येऊन बसल्या, तेव्हा आक्काताई काठी टेकत चढ चढून आल्या. त्या याआधी पंजाघरात कधी आल्या नव्हत्या. मोनालीला वाटलं, घरी काही झालं.

"ती बाई कुटं हाय?" आक्काताईंनी विचारलं.

"कोण बाई?"

"तुलनाबाई. लाव तिला. समद्यांना ऐकू जाऊ दे."

मोनालीने फोन लावून कठड्यावर ठेवला. आक्काताई पायरीवर बसल्या, पदर नीट केला आणि फोनकडे न बघता समोरच्या डोंगराकडे बघत बोलू लागल्या.

"लिव्ह. आक्काताई धोंडिबा येडगे. घेतलं."

"काय घेतलं, आजी?"

"सांगते की. गाडी चुकती का तुजी?" बायका हसल्या. आक्काताई हसल्या नाहीत. "ह्या सुमनकडनं दूद. रोज तांब्याभर, आमची गाय आटली तवापासनं, सा म्हैने. रेठरेकरणीकडनं तांदूळ, दोन पोती. अंडी सुताराकडनं, मोजली न्हाईत. शेवगा, भोपळं, आळू, ज्याच्या दारात आसंल त्याच्याकडनं." त्या एकेक घर घेत गेल्या. सुमनने मान खाली घातली होती, जणू दूध देताना ती पकडली गेली होती.

"आनि वेनी," आक्काताई म्हणाल्या.

"वेणी म्हणजे केसांची?" तुलनाबाईने विचारलं.

"डोळ्याचं आपरेशन झालं माजं दिवाळीनंतर. वाकायचं न्हाई, हात वर करायचं न्हाईत. डाक्टर म्हनला आठ दिस, पर चाळीस पाळायचं आस्त्यात. चाळीस दिस वेनी दुसऱ्या बाईनं घातली."

मोनालीने वर बघितलं. "आत्या, तुम्ही मला म्हणायचात, माझी मी घालते."

"तुजं हात तिकडं गुतल्यालं. तुला काय सांगायचं?"

"कोणी घातली?"

आक्काताईंनी काठीने पायरीवरचा खडा सरकवला. "फुलीनं."

ओसरीवरच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. फुलाबाई शेळके म्हणजे शेजारचं घर. दोघींच्या बांधावर एक फणस होता आणि तो कोणाचा, यावरून अकरा वर्षं दोघी बोलत नव्हत्या. फणस दरसाल पिकून गळायचा आणि कोणीच खायचं नाही.

"फुलाकाकी? पण तुमचं तर बोलणं..."

"बोलत न्हवतीच. ती यायची, मागं बसायची, वेनी घालायची, उटून जायची. तू हितं आलीस की यायची."

म्हणजे साडेबाराला. मोनालीने आपले हात बघितले. पंजे काढल्यावर मनगटावर लाल वळ उठायचे, ते अजून गेले नव्हते.

"केस विंचरणे आणि बांधणे, वीस मिनिटं," तुलनाबाई म्हणाली. "हे काम माझ्या यादीत आहे. मोनालीताई, तळीमाळचा शुश्रूषेचा रकाना बंद आहे, कारण त्यात जुळलेली नोंद एकही नाही. एक जरी जुळली तर तो उघडेल आणि मला प्रत्येक घराला विचारता येईल. पण फुलाबाई शेळके यांच्या दिलेल्या यादीत हे नाही. आणखी एक. नॉर्वेच्या कायद्याने त्या काळात तुम्हाला दहा दिवसांची भरपगारी रजा होती. घरी कोणी आजारी आहे का, या प्रश्नापुढे तुम्ही 'नाही' लिहिलं आहे."

"आत्यांनी मला तसंच सांगितलं होतं," मोनाली हळूच म्हणाली.

आक्काताई उठून चालू लागल्या.

त्या दिवसानंतर बाकीच्यांची तोंडं उघडली. येडग्यांची आक्काताई चारचौघींत घेतलं म्हणाली, मग आपण कोण मोठ्या लागून गेलो, असं झालं. सुमनने तीन घरांची नाचणी लिहिली. दोन दिवसांत आकडा एक्कावन्नवर गेला आणि तिथेच अडला. धान्यभाजीत आता जुळायचं फारसं काही उरलं नव्हतं. चार दिवस राहिले होते आणि शुश्रूषेचा रकाना बंदच होता.

फुलाबाई आपल्या ओसरीवर चिंच फोडत बसल्या होत्या. आक्काताई अंगणाच्या कडेला उभ्या राहिल्या. मोनाली फोन घेऊन त्यांच्या मागे.

"फुले," आक्काताईंनी हाक मारली.

फुलाबाईंनी वर बघितलं नाही. एक चिंचोका बाहेर टाकला. "कोन हाय?"

"डोळं माजं बिगाडलं व्हतं. तुजं न्हाई."

"आवाज वळकीचा वाटंना. आकरा वरसात बदललाय."

"त्या यंत्राला सांग, वेनी घातली म्हून."

"कुनी?"

"तुज्या सासूनं."

मोनालीला हसू आवरेना. फुलाबाईंच्याही ओठाची कड हलली, पण त्यांनी तोंड चिंचेकडे वळवलं. "मी काय दिलं न्हाई तुला. दिलं आसतं तर लिवलं आसतं. तुला कशापायी दिईन मी काय? आपलं बोलनं न्हाई."

"मग ते काय व्हतं?"

फुलाबाईंनी आणखी एक चिंच फोडली. "तुजं डोस्कं दिसायचं माज्या वसरीवरनं. तेल न्हाई, पानी न्हाई, निस्तं घरटं. मला बघवत न्हवतं. त्येला देनं म्हनत्यात व्हय?"

मोनाली पुढे झाली. "काकी, तेवढं हो म्हणा. आकडा पंचावन्न झाला तर हे घरी येतील. नाही झाला तर मला पुण्याला जावं लागेल."

"आन ही?"

"आत्या इथंच राहणार म्हणतात. एकट्या."

फुलाबाईंचा हात थांबला. त्यांनी आक्काताईंकडे, मग त्यांच्या केसांकडे निरखून बघितलं. "म्हंजी जलमभर हिची वेनी म्याच घालायची?" त्यांनी हात पदराला पुसले. "आन हिकडं तो फोन."

मोनालीने फोन पुढे धरला.

"फुलाबाई गनपत शेळके," त्या मोठ्याने म्हणाल्या. "दिली. वेनी. एकुनचाळीस दिस."

"आक्काताईंनी चाळीस सांगितले आहेत," तुलनाबाई म्हणाली.

"ती काय बी सांगंल. एक दिस मी न्हवते. नातीचं बारसं व्हतं कराडला."

"व्हय," आक्काताई म्हणाल्या. "त्या दिशी मी तशीच इस्कटल्याली बसले व्हते. एकुनचाळीस लिव्ह."

"आन फनसाचं ह्यात काय आनू नकोस," फुलाबाई म्हणाल्या.

"फनसाचं फनसापाशी."

"जुळलं," तुलनाबाई म्हणाली.

रकाना उघडला आणि त्यात जे आलं ते पंजाघरातल्या अकरा जणींनाही ठाऊक नव्हतं. त्या परदेशातल्या म्हाताऱ्यांना भरवत होत्या, तेव्हा त्यांच्या पोरांना कोणीतरी भरवत होतं. कोणाच्या सासऱ्याला कोणी उन्हात नेऊन बसवत होतं. कोणाच्या तापल्या पोराच्या कपाळावर कोणी पट्ट्या ठेवल्या होत्या आणि संध्याकाळी आईला सांगितलंही नव्हतं. शेवटच्या दिवशी आकडा आला, छप्पन्न. पाच वर्षांसाठी कायम.

चैत्र संपताना रणजित एक ट्रंक आणि एक कुकर घेऊन गावी आला. पहिले काही दिवस कोणी काही आणून दिलं की पैसे द्यायला त्याचा हात सवयीने फोनकडे जायचा, आणि ईश्वरी तो हात दाबून धरायची.

वैशाखात एका दुपारी आक्काताई तेलाची बाटली पदराखाली घेऊन बाहेर निघाल्या. मोनाली पंजाघराकडे जायच्या गडबडीत होती.

"कुठं निघालीस आई?" रणजितने विचारलं.

"फुलीचं डोळ्याचं आपरेशन झालंय."

"म्हणजे बोलणं सुरू झालं तुमचं."

"छ्या. बोलायचं काय त्यात?" त्या पायरी उतरल्या आणि मोनालीकडे वळल्या. "आन तू त्या बाईला काय सांगू नकोस. फुली आपल्या तोंडानं घेतलं म्हनंल, तवाच लिवायचं."

"नाही सांगत. पण त्या म्हणतील का?"

"म्हनंल की. कशी म्हनत न्हाई बघते." आक्काताईंनी बाटलीचं बूच घट्ट बसवलं. "पुरं चाळीस दिस जानार हाय मी."